हीटिंगवर लावलेला एसी मधेच दमतो! आणि मुळात थंडीत गरम हवा येते कुठून?

कुडकुडे
नमस्कार मंडळी. आमचा एसी आजवर फक्त उन्हाळ्यात चालायचा. रिमोटवर सूर्याचं चित्र असलेलं एक बटण आहे हे माहीत होतं, पण दाबायची वेळ कधी आली नव्हती. या थंडीत दाबलं. बाहेर ३ अंश होते आणि आत छान गरम हवा आली. घरचे खूश, मी बुचकळ्यात. म्हणून दोन प्रश्न.

पहिला तत्त्वाचा. मला वाटायचं आत कुठेतरी इस्त्रीत असते तशी तापणारी तार असेल. मॅन्युअल चाळलं तर तसलं काहीच नाही. उलट त्यात लिहिलंय की यंत्र साधारण १ किलोवॅट वीज घेतं आणि ३.६ किलोवॅट उष्णता देतं. एक घेऊन साडेतीन? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मधल्या काळात रद्द झाला का? आणि ३ अंशांच्या हवेतून हे उष्णता आणतं म्हणे. त्या हवेत मुळात उष्णता असतेच कुठे?

दुसरा प्रश्न म्हणजे तक्रार. दर वीस-पंचवीस मिनिटांनी हा बाबा दमतो. 'फस्स' असा आवाज येतो, आतला पंखा थांबतो, बाहेरच्या युनिटचाही पंखा थांबतो, पण घरघर चालूच राहते. आणि मग बाहेरच्या युनिटमधून चक्क पांढरी वाफ! पहिल्यांदा मी आग लागली समजून मेन स्विच पाडला होता. पाच-सात मिनिटांनी सगळं पुन्हा सुरळीत. एका माणसाला बोलावलं तर त्याने लांबूनच पाहून 'गॅस कमी झालाय, भरून टाकू' म्हटलं. त्याला थोपवून ठेवलाय.

थंडीत यंत्राला त्रास होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून माझ्या परीने काळजीही घेतली आहे, तरी हे असं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरपागडा
एक घेऊन साडेतीन देणारं यंत्र मलाही हवंय. पगाराला लावून बघतो.

उगाचच
वाचतोय. आमच्याकडेही ते सूर्याचं बटण आहे, आम्हाला वाटायचं ते दिवसा वापरायचं.

मृगजळ
@उगाचच, 😄

कुडकुडे, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं: एसी थंडी तयार करत नाही, हीटिंगवर उष्णताही तयार करत नाही. तो इकडची उष्णता उचलून तिकडे नेऊन टाकतो. वीज लागते ती हमालीची. हमालाला १ दिलं आणि त्याने अडीचचा माल बाहेरून आत आणला, शिवाय हमालीचे १ किलोवॅटसुद्धा शेवटी उष्णता होऊन आतच पडले. झाले साडेतीन. नियम शाबूत आहे.

३ अंशांच्या हवेत उष्णता कुठून, हा प्रश्न आपल्या अंगाला विचारला तर पटतो, पण निसर्गाला विचारला तर नाही. शून्य अंश सेल्सिअस म्हणजे पाणी गोठण्याचं तापमान, उष्णता संपण्याचं नव्हे. उष्णता खरोखर संपते उणे २७३ अंशांना. त्या हिशेबाने ३ अंशांची हवा चांगली धगधगीत आहे. फक्त तिच्यातली उष्णता आपणहून २० अंशांच्या खोलीत येणार नाही, कारण उष्णता उताराकडे वाहते. तिला चढ चढवायचा तर पंप हवा.

कुडकुडे
हमाली समजली. पण हा हमाल उष्णता 'उचलतो' म्हणजे नेमकं काय करतो? घमेल्यात भरतो?

मृगजळ
अगदी. घमेलं म्हणजे गॅस, म्हणजे रेफ्रिजरंट.

इंजेक्शनच्या आधी दंडावर स्पिरिट लावतात तेव्हा गार का वाटतं? स्पिरिट काही फ्रीजमधलं नसतं. ते उडून जाताना, द्रवाची वाफ होताना, कातडीतली उष्णता घेऊन जातं. हाच तो शाळेतला 'बाष्पनाचा अप्रकट उष्मा'. १ किलो पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवायला साधारण ४२० किलोज्यूल लागतात, आणि त्याच १०० अंशांच्या पाण्याची वाफ करायला आणखी २,२५७. पाचपटीहून जास्त, आणि तापमापकाचा पारा एक अंशानेही हलत नाही. उष्णता वाहून न्यायला याहून चांगलं घमेलं नाही.

आता दुसरी गोष्ट. पाणी १०० अंशांनाच उकळतं हे अर्धसत्य आहे. प्रेशर कुकरमध्ये ते १२० अंशांच्या आसपास उकळतं, उंच डोंगरावर १०० च्या बरंच खाली. दाब बदला, उत्कलनांक बदलतो. हल्लीच्या बऱ्याच घरगुती एसींत आर-३२ नावाचा वायू असतो. तो उघड्यावर उणे ५२ अंशांना उकळतो. त्याला साधारण साडेनऊ बार (एक बार म्हणजे जवळपास आपल्या भोवतीच्या हवेचा दाब) दाबाखाली ठेवला तर ५ अंशांना उकळेल. ३१ बारपर्यंत दाबला तर ५० अंशांनाच त्याचा परत द्रव व्हायला लागेल.

म्हणजे दाब ही कळ आहे. ती कमी करून द्रवाला गार जागी उकळायला लावायचं, तिथली उष्णता त्याने गिळायची. मग दाब वाढवून त्याच वाफेला गरम जागी द्रव व्हायला लावायचं, तिथे त्याने ती ओकायची. बाकी सगळी नळ्यांची सजावट.

तांब्याची_नळी
मृगजळताई, बाकी पटलं, पण 'नळ्यांची सजावट' म्हणालात ते काळजाला लागलं. उभं आयुष्य त्या सजावटीला टाके घालण्यात गेलंय. आता निवृत्त आहे, म्हणून इथे.

मी हातात येणारी वस्तू सांगतो. भाग चारच.

कॉम्प्रेसर: बाहेरच्या युनिटमधला काळा डबा. कमी दाबाची वाफ ओढतो, दाबून जास्त दाबाची आणि चांगली तापलेली वाफ सोडतो. त्याच्या कुशीला एक छोटा डबा चिकटलेला असतो, पोरासारखा. तो ॲक्युम्युलेटर. कॉम्प्रेसरला फक्त वाफ चालते, द्रव नाही. द्रव दाबला जात नाही, पण आतले भाग तुटतात. म्हणून आलेला द्रव त्या छोट्या डब्यात आधी थांबवतात.

कंडेन्सर: बाहेरची पत्र्याच्या पट्ट्यांची जाळी. इथे तापलेली वाफ उष्णता सोडून द्रव होते. उन्हाळ्यात याच्यासमोर उभं राहिलं तर तोंड भाजतं, ती तुमच्या खोलीतली उष्णता.

मग कॅपिलरी किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्ह. कॅपिलरी म्हणजे नुसती केसासारख्या भोकाची लांबलचक नळी, गुंडाळून ठेवलेली. तिच्यातून रेटून जाताना द्रवाचा दाब पडतो. नव्या इन्व्हर्टर एसीत (कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करणाऱ्या) तिच्या जागी मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. मेन चालू केल्या केल्या बाहेर 'टकटकटक' आवाज येतो ना, तो तोच. आधी पूर्ण मिटून आपलं शून्य शोधून घेतो.

शेवटी इव्हॅपोरेटर, आतल्या युनिटची जाळी. इथे द्रव उकळतो आणि खोली गार होते. हवेतली वाफ गार जाळीवर पाणी होऊन टपकते ते वेगळंच.

एक गंमत. पुस्तकातल्या आकृतीत एक नळी गरम, एक गार दाखवतात. घरगुती स्प्लिटमध्ये कॅपिलरी बहुधा बाहेरच्याच युनिटमध्ये असते. त्यामुळे कूलिंगवर भिंतीतून आत जाणाऱ्या दोन्ही नळ्या गार असतात आणि दोन्हींवर फोम चढवावा लागतो. नवी पोरं पुस्तक वाचून येतात आणि बारीक नळीला हात लावून 'साहेब, ही गार कशी' म्हणून घाबरतात.

उगाचच
दंडवत नळीकाका. इतकी वर्षं ज्याला मी आवाज करणारा डबा म्हणत होतो त्याला पोर पण आहे हे कळलं.

अर्धवट_अभियंता
थोडा विरोध नोंदवतो. हे उकळणं-बिकळणं उगीच मोठं केलं जातंय. वायू दाबला की तापतो, मोकळा सोडला की गार होतो. सायकलच्या पंपाचं टोक हवा भरताना गरम होतं, तिथे कुठे काय उकळतंय? एसी म्हणजे तेच. वायू दाबा, तापलेला वायू बाहेर गार करा, मग मोकळा सोडा, गार मिळेल.

मृगजळ
तत्त्वतः असंही यंत्र होतं, आणि आहे! प्रवासी विमानांतली वातानुकूलन यंत्रणा बहुतेक अशीच चालते. नुसती हवा दाबायची, गार करायची, टर्बाइनमधून फुलवायची. काही उकळत नाही. पण तिथे वजनाला महत्त्व असतं आणि दाबलेली हवा हाताशी असते, म्हणून ते परवडतं. ऊर्जा जास्त खातं.

घरच्या एसीत मात्र तुम्ही म्हणता तसं होत नाही. एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये शिरतो तो वायू नसतो, द्रव असतो. ४५ अंशांचा द्रव अचानक अशा दाबात जातो जिथे त्याचा उत्कलनांक ५ अंश आहे. त्याला तसं राहताच येत नाही. त्यातला साधारण पाव भाग तिथल्या तिथे उकळतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता बाहेरून कुठून येणार? उरलेल्या पाऊण भागातून. म्हणून तो पाऊण भाग खट्‌कन ५ अंशांवर येतो. खोलीची उष्णता गिळायचं खरं काम हा पाऊण भाग पुढे जाळीत करतो.

अर्धवट_अभियंता
विमानाचं माहीत नव्हतं. पाव भागाचंही. नावाला जागलो.

तिरपागडा
मग फ्रीजचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघर गार करायची माझी योजना?

मृगजळ
स्वयंपाकघर तापेल. फ्रीज समोरून जेवढी उष्णता घेतो तेवढी, आणि वर मोटरची, मागून सोडतो. एकाच खोलीत आहे ना.

तिरपागडा
म्हणजे थंडीत उघडं ठेवायचं. कळलं.

वाफारा
आमच्याकडे हिवाळाभर हीट पंपच चालतो, म्हणून थोडं लिहिते. फ्रीजच्या गमतीतच कुडकुडेंचं उत्तर आहे. फ्रीज उचलून खिडकीत बसवायचा, तोंड बाहेर, पाठ आत. तो बाहेरचं अंगण गार करायचा प्रयत्न करेल आणि त्याची पाठ तुमची खोली तापवेल. झाला हीट पंप.

पण उन्हाळ्यात फ्रीज उलटा फिरवावा लागेल. एसीत ते काम रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह करतो, काही लोक फोर-वे व्हॉल्व्ह म्हणतात. कॉम्प्रेसर त्याच दिशेने फिरत राहतो. फक्त त्याच्यातून निघालेली तापलेली वाफ आधी बाहेरच्या जाळीकडे पाठवायची की आतल्या, एवढंच हा व्हॉल्व्ह ठरवतो. उन्हाळ्यातला कंडेन्सर हिवाळ्यात इव्हॅपोरेटर होतो आणि आतला उलट.

तांब्याची_नळी
बरोबर. तुमचा तो 'फस्स' आवाज ह्याच व्हॉल्व्हचा. आत एक सरकता तुकडा असतो. विजेची कॉइल त्याला थेट ढकलत नाही, तेवढी ताकद तिच्यात नाही. ती एक चिमुकली वाट उघडते आणि गॅसचाच जास्त-कमी दाब त्या तुकड्याला सर्रकन सरकवतो. दोन्ही बाजूंचे दाब एकमेकांत मिसळतात, म्हणून फुसकारा.

एक खूण सांगतो. काही यंत्रांत कॉइलला वीज मिळाली की हीटिंग, काहींत उलट. कॉइल जळली की यंत्र एकाच ऋतूत अडकतं. असाच एक एसी मी पाहिलाय, मालक म्हणे रिमोट बदलून द्या. तीन रिमोट झाले होते.

उगाचच
१ ला ३.६ च का मिळतात? ३६ का नाही?

मृगजळ
याला निसर्गाने कमाल मर्यादा घालून दिली आहे. आतलं तापमान केल्विनमध्ये (म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून) घ्या, त्याला आत-बाहेरच्या फरकाने भागा. आत २०, बाहेर ० असेल तर २९३ भागिले २०, म्हणजे साडेचौदा. पण गॅसला खोलीपेक्षा गरम आणि बाहेरच्या हवेपेक्षा गार व्हावं लागतं, तेव्हा कुठे उष्णता पुढे सरकते. आतली जाळी ४५ आणि बाहेरची उणे ७ धरा, तर ३१८ भागिले ५२, म्हणजे सहा. त्यात कॉम्प्रेसरची घासाघीस, पंखे, मोटर. उरतात तीन-चार. बाहेर जितकी जास्त थंडी, तितका चढ उभा आणि तितकी हमाली महाग. साध्या हीटरला मात्र १ ला कायम १ च.

पोटमाळा
अवांतर: ही कल्पना फार जुनी आहे. जेकब पर्किन्स या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन माणसाने १८३४ मध्ये गार करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात ईथर वापरलं होतं, आणि नळीकाकांचे चारही भाग त्यात आहेत. जवळपास दोनशे वर्षं झाली, पाचवा कुणाला सुचला नाही. १८५२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी उष्णता उचलून नेणारं असं यंत्र इमारती तापवायलाही वापरता येईल असं मांडलं.

आणि एसीचं श्रेय ज्यांना देतात त्या विलिस कॅरिअरनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली ती माणसांना गार वाटावं म्हणून नव्हे. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगावर रंग बसायचा नाही. म्हणजे नळीकाका ज्याला 'वेगळंच' म्हणाले ते टपकणारं पाणी, तेच तिथे मुख्य काम होतं.

तांब्याची_नळी
पोटमाळासाहेब, शब्द मागे घेतो.

तिरपागडा
टनाचं पण सांगून टाका. दीड टनाचा एसी भिंतीवर कसा राहतो ही माझी बालपणापासूनची भीती आहे.

पोटमाळा
तो बर्फाचा टन. यंत्रं येण्याआधी बर्फ विकत घेऊन गारवा मिळवत. २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता गिळेल तो एक टन. साधारण साडेतीन किलोवॅट. दीड टनाचा एसी म्हणजे दिवसाला जवळपास १,३६० किलो बर्फाचं काम.

उगाचच
आमच्याकडे दर उन्हाळ्यात गॅस भरतात. यंदाही भरायची वेळ आली. हे नेहमीचंच ना? गाडीत तेल भरतो तसं?

तांब्याची_नळी
नाही!!! यासाठी मी हा मंच सोडून भांडायलाही तयार आहे.

गॅस जळत नाही, संपत नाही, शिळा होत नाही. वेल्डिंग करून बंद केलेल्या नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. बहुतेक वेळा फ्लेअर नटजवळ (नळ्या जोडणारा नट), नाहीतर आतल्या जाळीला बारीक छिद्र. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी.

नीट काम असं: राहिलेला गॅस काढून घ्यायचा, नायट्रोजन भरून दाबाखाली ठेवायचं, सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे, टाका घालायचा (म्हणजे आच देऊन सांधायचं), मग पंपाने व्हॅक्यूम मारायचा. व्हॅक्यूम हवा काढायला असतोच, पण त्याहून जास्त ओल काढायला. हल्लीचं कॉम्प्रेसरचं तेल हवेतली ओल शोषून घेतं आणि मग आतून आम्ल तयार होतं. शेवटी पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून. नुसतं दाबाचं गेज लावून 'बस, झालं' म्हणणारा अंदाजपंचे करतोय.

अर्धवट_अभियंता
काका, आमच्या आतल्या जाळीवर बर्फ धरला होता. गॅस जास्त झाला म्हणून बर्फ, असं सांगून थोडा सोडून दिला होता एकाने.

तांब्याची_नळी
उलटं. गॅस कमी झाला की आतला दाब पडतो, दाब पडला की उकळायचं तापमान शून्याखाली जातं, मग टपकणारं पाणी जाळीवरच गोठतं. आणि दुसरं कारण, बिनपैशाचं: घाण फिल्टर. हवाच जात नसेल तर गॅसला उष्णता मिळत नाही, तरी बर्फच. आधी फिल्टर धुवा, मग माणूस बोलवा. आणि तो गॅस हवेत सोडून दिला हे तर फारच वाईट.

पोटमाळा
पूर्वी अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड वापरत, गळती म्हणजे जिवाशी गाठ. आइनस्टाइन आणि झिलार्ड यांनी हलते भाग नसलेल्या फ्रीजचं पेटंट घेतलं होतं, अमेरिकेत ते १९३० मध्ये मिळालं. दरम्यान थॉमस मिजली यांच्या चमूने १९२८ च्या सुमारास क्लोरोफ्लुरोकार्बन आणले: विष नाही, पेट घेत नाही, वास नाही. सगळे खूश. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की यातला क्लोरीन ओझोनचा थर खातो. १९८७ मध्ये असे वायू बंद करण्यासाठी माँट्रियल करार झाला. त्यानंतर आले आर-४१०ए सारखे वायू, ओझोनला निर्धोक, पण हवेत सुटले तर १ किलो म्हणजे सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी ऊब धरतात. आर-३२ चा आकडा ६७५. त्या कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने यांचाही वापर उतरता करायचं ठरलं. प्रोपेनचा आकडा अगदी नगण्य, पण तो सरळ पेटतो. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते इथे शब्दशः.

उगाचच
आर-३२ पण पेटतो असं ऐकलंय.

तांब्याची_नळी
हळू पेटतो, सहज पेट घेत नाही, पण घेतो. म्हणून आर-३२ च्या यंत्रात गॅस असताना टाका घालायला बसू नये आणि खोली हवेशीर ठेवावी.

तिरपागडा
एक कबुली. मी बाहेरून आलो की सरळ १६ वर लावतो. लवकर गार होतं.

अर्धवट_अभियंता
निदान हे मला माहीत आहे. जुन्या, एकाच वेगाच्या कॉम्प्रेसरला १६ आणि २४ सारखेच. तो पूर्ण जोरात चालतो किंवा बंद असतो. १६ म्हणजे फक्त 'थांबू नकोस'. इन्व्हर्टर वेग कमीजास्त करतो, त्याला थोडा फरक पडेल. आणि बंद करून लगेच चालू केल्यावर तीन मिनिटं काही होत नाही तेव्हा रिमोट आपटू नका. दोन्हीकडचे दाब समान व्हायची वाट बघतोय तो. एकीकडे ३० बार असताना साधी मोटर सुरूच होत नाही, नुसती हुंकारते.

तिरपागडा
म्हणजे तो पण बाहेरून आल्यावर जरा टेकतो. माझ्यासारखाच.

कुडकुडे
मंडळी, धागा फारच माहितीपूर्ण झाला, वाचनखूण साठवली. पण माझी वाफ राहिली! आज मोजलं: २३ मिनिटं काम, ६ मिनिटं विश्रांती. गॅसवाला उद्या पुन्हा येतो म्हणालाय.

वाफारा
अरे हो, क्षमस्व. त्याला आधी थांबवा. तुमचं यंत्र आजारी नाही, अंगावरचा बर्फ झटकतंय. याला डीफ्रॉस्ट म्हणतात.

हीटिंगवर बाहेरची जाळी इव्हॅपोरेटर असते हे वर आलंच. बाहेर ३ अंश असतील तर तिला उणे चार-पाच व्हावं लागतं, नाहीतर ३ अंशांच्या हवेतून उष्णता तिच्याकडे वाहणार कशी? शून्याखालच्या पत्र्यावर हवेतली ओल दव होऊन न बसता थेट हिम होऊन बसते. पट्ट्यांमधल्या फटी बुजतात, हवा जाईना, जाळी आणखी गार, हिम आणखी वाढतं. मग आतला सेन्सर म्हणतो, पुरे. रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह फिरतो (तुमचा 'फस्स'), एसी चक्क कूलिंगवर जातो आणि तापलेली वाफ बाहेरच्या जाळीत सोडतो. आतला पंखा बंद, नाहीतर तुमच्या अंगावर गार वारा येईल. बाहेरचा पंखा बंद, नाहीतर ती ऊब वाऱ्यावर जाईल. कॉम्प्रेसर चालू, म्हणून घरघर. हिम वितळतं, त्यातून वाफारा निघतो. आता कळलं ना माझं नाव कुठून आलं?

गंमत म्हणजे याचा सर्वात जास्त त्रास शून्याच्या जरा वर, दमट हवेत. उणे पंधराच्या कडाक्यात हवा इतकी कोरडी असते की हिम कमीच धरतं.

पण २३ मिनिटं फार कमी आहेत. आमच्याकडे अशा हवेत तास-दीड तासाने होतं.

तांब्याची_नळी
मलाही तेच खटकतंय. गॅस कमी असला तरी असं होऊ शकतं, पण मग आत गरमी नीट आली नसती. तुमच्याकडे तर येतेय. जाळी घाण आहे का? आणि सुरुवातीला 'माझ्या परीने काळजी घेतली' असं लिहिलंयत. म्हणजे नेमकं काय केलंत?

कुडकुडे
विशेष काही नाही. बाहेरच्या युनिटला थंडी वाजू नये म्हणून ताडपत्री गुंडाळली आहे. वरून आणि तिन्ही बाजूंनी. पंख्यासमोर जरा मोकळं ठेवलंय.

तिरपागडा
🙏🙏🙏

मृगजळ
कुडकुडे!! त्याचं कामच बाहेरच्या हवेतून उष्णता घेणं आहे. तुम्ही हवा बंद केलीत. पंख्यातून निघालेली गार झालेली हवा ताडपत्रीत कोंडून परत जाळीवर जातेय. त्याच्यासाठी बाहेर ३ अंश नाहीतच.

उगाचच
आणि वर कानटोपी घातली नाहीत ना?

कुडकुडे
(ताडपत्रीच्या आत जुनी गोधडी होती. आता लपवत नाही.)

तांब्याची_नळी
आत्ता जा आणि काढा. मेन बंद करून. टॉर्च घेऊन खाली पण बघा. डीफ्रॉस्टचं पाणी बुडातल्या भोकांतून जायला हवं. गोधडीने ती बुजली असतील तर खाली बर्फाची लादी झाली असेल आणि ती वाढत पंख्याच्या पात्याला लागते. बर्फ खरवडू नका, पट्ट्या वाकतात. कोमट पाणी हळूहळू ओता.

कुडकुडे
काढली. बुडात चार बोटं बर्फ होता, त्यात गोधडीचं एक टोक गोठलेलं. कोमट पाण्याने सुटलं, भोकंही मोकळी केली. यंत्र रात्री साडेनऊला सुरू केलंय. गॅसवाल्याला 'उद्या येऊ नका' कळवलं.

कुडकुडे
रात्रीचे १०:५०. 'फस्स' आत्ता झालं. म्हणजे ८० मिनिटांनी! वाफ बघायला सगळं घर खिडकीत उभं होतं. चार मिनिटांत पुन्हा गरम हवा.

तिरपागडा
अभिनंदन. गोधडीचं काय झालं?

कुडकुडे
आतल्या युनिटखाली वाळत टाकली आहे.